विषय क्रमांक चार

सकाळी साडेसहाला पाणी सुटायचं, पावणेसातला गच्चीवरची टाकी भरायची आणि त्यानंतर दोनच मिनिटांनी कानामात्रांच्या बायकोच्या शिलाई मशीनवर पहिला थेंब पडायचा. इतकी वेळ पाळणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्या इमारतीत नव्हती. लिफ्ट वेळ पाळत नव्हती, झाडूवाला पाळत नव्हता, चेअरमन तर नाहीच.

टाकी भरली की पाणी बंद करणारा तो तरंगता गोळा असतो ना, बॉलकॉक, तो दोन वर्षांपूर्वी मोडला होता. एवढंच. पाणी टाकीच्या काठावरून सांडायचं आणि जिथून नळ स्लॅबमध्ये शिरतो त्या फटीतून नेमकं खालच्या खोलीत उतरायचं, ते रात्रीपर्यंत ठिबकत राहायचं. प्लंबरने खालूनच मान वर करून सांगितलं होतं, "वीस मिनिटांचं काम आहे, वहिनी. फक्त गच्चीची चावी द्या." गच्चीची चावी सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी म्हणाला, "टाकी सोसायटीची आहे. ठरावाशिवाय तिला हात लावता येत नाही." ठराव होतो सभेत. सभा होते वर्षातून एकदा. म्हणून वीस मिनिटांच्या कामाला दोन वर्षं लागली होती, आणि ते काम अजून सुरू व्हायचं होतं.

कानामात्रा हे त्यांचं नाव नव्हे. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यात ते नाव पडलं आणि मग घरापर्यंत पाठलाग करत आलं. शिक्षण म्हणाल तर शाळा अर्धी सोडलेली. पण छापखान्यात वैद्यकाची पुस्तकं यायची, कायद्याची यायची, वनस्पतींची यायची, आणि ती सगळी लाल पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचायचा पगार या माणसाला मिळायचा. पदवीधर मंडळी जी पुस्तकं परीक्षेपुरती चाळतात, ती यांनी स्वल्पविरामासकट गिळली. त्यातून इंग्रजी आलं. बोलायचं नाही, ते तोंडात अडकायचं. पण कागदावरचं असं की भल्याभल्यांना घाम फुटावा. त्यातही लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांवर त्यांचा भारी जीव. एक बॅक्टेरियम, अनेक बॅक्टेरिया. एक स्ट्रॅटम, अनेक स्ट्रॅटा. एक मेमोरँडम, अनेक मेमोरँडा. असा शब्द ओळीत दिसला की ते त्याच्याकडे गावचा माणूस भेटल्यासारखं बघायचे.

या माणसाने गळतीबद्दल अकरा अर्ज केले. आपल्या भाषेत, स्वच्छ अक्षरात, समास सोडून. अकराही अर्ज फाईलला लागले. फाईलला लागणं म्हणजे काय, हे ज्याने कधी अर्ज केला आहे त्याला सांगायला नको. चेअरमन निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पहिला ठराव करून घेतला होता की यापुढे सोसायटीचा सगळा कारभार इंग्रजीत चालेल, कारण त्याने स्टँडर्ड राहतं. इमारतीचा रंग उडाला होता, जिन्याचे तीन दिवे गेले होते, पण स्टँडर्ड होतं.

अखेर बाराव्या अर्जाला यश आलं. वार्षिक सभेच्या नोटिशीत चौथा विषय छापून आला : टाकीची गळती. कानामात्रांनी नोटीस घरी आणली तेव्हा बायको एका शाळेचे साठ पांढरे शर्ट बेतत होती. तिने मशीनवर प्लास्टिक अंथरलं होतं, प्लास्टिकवर पातेलं ठेवलं होतं, आणि पातेल्याच्या बाजूने हात घालून ती शिवत होती. मशीन हलवावं तर उजेड त्या एकाच खिडकीला. सहा शर्टांवर गंजाचे डाग पडून ते आधीच बाद झाले होते. शाळेने सांगितलं होतं, आणखी डाग दिसला तर पुढच्या वर्षापासून काम दुसरीकडे.

"अहो," ती म्हणाली, "एक वचन द्या."

"काय?"

"चौथा विषय येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुणी काहीही लिहू दे, काहीही बोलू दे. तुमची ती लाल पेन्सिल घरी ठेवून जायची."

"मी कधी बोलतो?"

बायकोने दात आवळून दोरा तोडला. उत्तर मिळालं.

या इमारतीचा एक रिवाज इथे सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सभेत उभा राहून जो चूक दाखवेल, ती निस्तरायची जबाबदारी त्याच्याच गळ्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई एकदा म्हणाल्या, कचऱ्याला वास येतो. त्या दिवसापासून त्या कचरा समितीच्या निमंत्रक. तळमजल्यावरचे टॅक्सीवाले म्हणाले, लिफ्ट खडखडते. ते लिफ्ट समिती. त्यामुळे सभेत कुणी काही बोलत नसे आणि चेअरमन दरवर्षी अहवालात लिहीत की सभासद पूर्ण समाधानी आहेत.

रविवारी सकाळी दहाला, गाड्या बाहेर काढून केलेल्या जागेत सभा भरली. कानामात्रा तिसऱ्या रांगेत, शेजारी बायको. चेअरमननी नोटीस वाचायला घेतली. वरती ठळक अक्षरांत शीर्षक होतं : अजेंडाज.

कानामात्रांचा उजवा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. बायकोने समोर बघत राहूनच त्यांच्या मांडीला चिमटा काढला.

पहिला विषय गेला. त्यात 'डेटाज' आले. कानामात्रांनी डोळे मिटले. दुसऱ्या विषयात 'टू मेमोरँडम्स' आले. त्यांनी श्वास रोखला, बाजूच्या नर्सबाई हळूच म्हणाल्या, "काका, छातीत दुखतंय का?" तिसऱ्या विषयात पुरवण्यांचे 'अ‍ॅडेंडम्स' आले, आणि तेही गेले. आता चौथा. बायकोने पदर सावरला. दोन वर्षांनंतर समोर दार दिसत होतं.

आणि इथे चेअरमननी चष्मा काढला. "चौथ्या विषयाकडे वळण्याआधी," ते म्हणाले, "एक सांगतो. ही नोटीस मी स्वतः ड्राफ्ट केली आहे. अगदी शुद्ध इंग्रजीत. काहींना जड गेली असेल." मग तिसऱ्या रांगेकडे बघून हसले. "काय कानामात्रा, तुम्हाला आपल्या भाषेत समजावून सांगू का?"

दोन-चार जण हसले.

माणूस गळकं छत सहन करतो, फाईलला लागलेले अकरा अर्ज सहन करतो. पण ज्या एका गोष्टीवर तो आयुष्यभर ताठ उभा राहिला, तिथेच कुणी बोट लावलं की संपलं. बायकोने दुसरा चिमटा काढला, तो हवेत गेला. कानामात्रा उभे राहिले होते.

"अजेंडाज नाही," ते म्हणाले. "एक असेल तर अजेंडम. अनेक असतील तर अजेंडा. अजेंडा हेच अनेकवचन आहे. तुम्ही त्याला वर आणखी एक शेपूट लावलंत. टोपीवर टोपी घातलीत, साहेब. डेटाचंही तेच. मेमोरँडम्स नाही, मेमोरँडा. अ‍ॅडेंडम्स नाही, अ‍ॅडेंडा. एका पानात चार चुका. आमच्या छापखान्यात एवढ्यावर मुलगा घरी पाठवला असता."

दोन वर्षं या माणसाने सांगितलं की घरात पाणी पडतं, तर कुणी मान वर केली नव्हती. आज एका शब्दाचं शेपूट कापलं तर चाळीस माणसं माना वळवून बघत होती.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे वकील उठले. वकील रविवारी कंटाळलेले असतात. "मुद्दा गंभीर आहे," ते म्हणाले. "नोटीस सदोष असेल तर सभा सदोष. सभा सदोष असेल तर ठराव बेकायदा. उपविधीप्रमाणे हरकतीचा निकाल लागल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नाही."

"पण पुढचा विषय तर…" कानामात्रा म्हणाले.

"तुमचाच आहे," वकील म्हणाले. "हरकतही तुमचीच आहे."

सभा तहकूब झाली. रिवाजाप्रमाणे भाषा समिती नेमली गेली आणि कानामात्रा तिचे निमंत्रक झाले. वर जाताना लिफ्ट बंद होती. चार मजले बायको पुढे चढत गेली. दार उघडून ती आत गेली, पातेलं उचललं, मोरीत ओतलं आणि परत मशीनवर ठेवलं. ते इतक्या हळू ठेवलं की कानामात्रांना धडकी भरली.

पण खरं सांगायचं तर पुढचे पंधरा दिवस त्यांना बरे गेले. लाज वाटावी इतके बरे गेले. ज्या जिन्यात त्यांना कुणी वाट द्यायचं नाही, तिथे लोक थांबून नमस्कार करू लागले. संध्याकाळी दारावर टकटक व्हायची.

"काका, फोरमचं काय होतं हो? फोरा?"

"होतं. पण लोक फोरम्सही म्हणतात."

"आणि कोरमचं? कोरा?"

"छे! त्याचं कोरा होत नाही. तो शब्द वेगळ्या घरचा आहे."

शिकवणी घेणाऱ्या बाई सिलॅबसचं सिलॅबाय घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या, कारण वर्गातली मुलं हसली होती. औषधांचा एजंट व्हायरसचं अनेकवचन मागायला आला. कानामात्रांनी त्याला सांगितलं की लॅटिन बोलणाऱ्यांनी ते कधी केलंच नाही, त्यांना एकच पुरत असावा. ही सगळी मंडळी त्याच खोलीत बसायची, त्याच छताखाली. डोक्यावर थेंब पडला की खुर्ची जरा सरकवायची आणि पुढचा शब्द विचारायची. वर बघून 'हे काय' असं एकानेही विचारलं नाही. शिकवणीच्या बाई तर म्हणाल्या, "तुमच्याकडे किती गार वाटतं हो!"

बायको ऐकायची. शर्टाची कॉलर उलटवायची आणि ऐकायची.

"आता तीन ठिकाणी गळतंय," एक दिवस ती म्हणाली. "गळती, गळत्या. आमचं अनेकवचन सरळ आहे. त्याला समिती लागत नाही."

इकडे चेअरमन गप्प बसणारे नव्हते. त्यांनी वरच्या कार्यालयाचा अभिप्राय मागवायचं ठरवलं, आणि निमंत्रक म्हणून ते पत्र घेऊन जायची पाळी कानामात्रांवरच आली. सोसायट्यांच्या कार्यालयातला कारकून पत्र वाचून म्हणाला, "हा आमचा विषय नाही. भाषेच्या कार्यालयात जा." भाषेच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "आम्ही परक्या भाषेचं बघत नाही. सोसायट्यांच्या कार्यालयात जा."

"तिथूनच आलो."

"मग तिथल्या नकाराचं पत्र आणा."

ते आणलं. बाईंनी तीन प्रती मागितल्या. त्याही दिल्या. मग बाई कोपऱ्यातल्या शिक्केवाल्याला म्हणाल्या, "यांच्या मेमोरँडमला शिक्का मारा."

"मेमोरँडा," कानामात्रांच्या तोंडून निघून गेलं. "तीन आहेत."

शिक्केवाल्याने मान वर केली. सव्वीस वर्षं तो त्या टेबलाशी होता. "काका," तो म्हणाला, "आमच्याकडे एकच शिक्का आहे, मेमोरँडम. तीन असले तर तीनदा मारतो." आणि त्याने तो तीनदा मारला. एवढं समाधानकारक उत्तर कानामात्रांना कोणत्याही कोशात मिळालं नव्हतं, पण ते त्यांनी कबूल केलं नाही.

दरम्यान सोसायटीने जुन्या नोटिशीची दुरुस्ती काढली. दुरुस्तीपत्राला इंग्रजीत कॉरिजेंडम म्हणतात. त्यातही चूक निघाली, म्हणून दुसरं कॉरिजेंडम काढलं. दोन झाली म्हणून वरती काय लिहायचं यावर पुन्हा वाद झाला. तेव्हा वकिलांनी जिन्यात सेक्रेटरीला गाठून सांगितलं की नोटीस लिहिली कुणीही असली तरी सही त्याची आहे, उद्या प्रकरण वाढलं तर जाब त्यालाच. सेक्रेटरी विमा एजंट. दुसऱ्याच्या जोखमीवर जगणारा माणूस स्वतःच्या जोखमीला फार भितो. त्याच संध्याकाळी तो राजीनामा घेऊन आला आणि म्हणाला, "मी विमा विकतो, व्याकरण नाही." जागा रिकामी झाली. दुसरा कुणी पुढे येईना. रिवाज होताच. कानामात्रा सेक्रेटरी झाले.

सोसायटीचा शिक्का, चार रजिस्टरं आणि गच्चीची चावी त्यांच्या घरी आली. चावी त्यांनी दाराशेजारच्या खिळ्याला लावली आणि खाली लेबल चिकटवलं : 'ठरावाशिवाय वापरू नये.' वेलांटी, उकार, सगळं जागच्या जागी.

बायकोने लेबल वाचलं. मग चावी बघितली. मग छत बघितलं. "आता तर चावी आपल्याच घरात आहे," ती म्हणाली.

"म्हणून काय झालं? मीच नियम मोडला तर मी आणि ते यांत फरक काय?"

"फरक हा की त्यांच्या घरात गळत नाही."

कानामात्रा नवी नोटीस लिहायला बसले. ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर नोटीस होती. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. शाळेला शर्ट द्यायची तारीख आणि सभा यांच्यात फक्त सहा दिवस उरले होते.

पुन्हा रविवार, पुन्हा दहा, पुन्हा पार्किंग. बायको आली नाही. म्हणाली, काम आहे. कानामात्रांना वाटलं, रागावली आहे. आणि ते खरंही होतं.

सभेच्या सुरुवातीला चेअरमननी एक लिफाफा फोडला. भाषेच्या कार्यालयाचा अभिप्राय आला होता. ते मोठ्याने वाचू लागले : 'दोन्ही रूपे प्रचलित आहेत. आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा.'

चेअरमन विजयी मुद्रेने खाली बसले. दोन्ही प्रचलित! हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कोश त्यांच्या उशाशी होता. अजेंडाज आता चालतं, मेमोरँडम्सही चालतं, हे बारीक अक्षरात तिथे छापलेलं होतं, आणि ते बारीक अक्षर त्यांनी एकदा नव्हे तर पाच वेळा वाचून पान उलटलं होतं. कारण तो शब्द सोडला तर त्यांच्या हातात उरलं काय असतं? बारावा अर्ज? आपल्या भाषेत, समास सोडून?

"हरकत निकालात," वकील जांभई देत म्हणाले. "पुढे."

पुढचे तीन विषय सहा मिनिटांत गेले. चौथा विषय आला तेव्हा लोकांना भुका लागल्या होत्या. एक पाहणी समिती येत्या रविवारी सकाळी साडेसहाला गळतीची पाहणी करेल, मग दुरुस्ती होईल. मंजूर? मंजूर. दोन वर्षं, बारा अर्ज, दोन कॉरिजेंडा. ठरावाला लागलं दीड मिनिट. कानामात्रा रजिस्टर छातीशी धरून चार मजले चढले. दारात उभं राहून म्हणाले, "झाला!"

"बरं झालं," बायको म्हणाली, आणि शिवत राहिली.

सोमवारी पहाटेच ते वही घेऊन मशीनशेजारी बसले. पाहणीआधी सेक्रेटरीने नोंदी ठेवायला हव्यात. साडेसहाला पाणी सुटलं. पावणेसात झाले. दोन मिनिटं झाली. पाच झाली. सातला त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. मग खुर्चीवर चढून छताला हात लावला.

"अगं," ते घाबरून म्हणाले, "गळती कुठे गेली?"

"गेली."

"गेली म्हणजे?"

"काल तुम्ही सगळे खाली होतात. चेअरमन, वकील, झाडून सगळे. गच्चीवर जायला याहून बरा मुहूर्त मिळाला नसता. चावी खिळ्याला होती. प्लंबर आला, वर गेला, गोळा बदलला. अठराच मिनिटं लागली."

"ठरावाशिवाय?"

"ठराव तुम्ही खाली करत होताच की. आम्ही जरा लवकर सुरुवात केली."

कानामात्रा खाली बसले. नाही म्हणायला वाईट एवढंच वाटलं की तो शब्द, ते भांडण, ते कार्यालयांचे खेटे, या सगळ्यातून हाती काय आलं तर एक चावी. आणि तीही वापरायची अक्कल दुसऱ्याला सुचली. आठवडाभर त्यांना झोप आली नाही. बायको मात्र दिवसभर मशीनवर असायची. प्लास्टिक गेलं होतं, पातेलं स्वयंपाकघरात परतलं होतं. शनिवारी दुपारी साठ शर्ट शाळेत पोचले. एकावरही डाग नव्हता. शाळेने पुढच्या वर्षासाठी दोनशे सांगितले.

रविवारी साडेसहाला पाहणी समिती आली. चेअरमन पुढे, वकील मागे. दोघंही छताकडे बघत उभे राहिले. पावणेसात झाले. सात झाले. छतावर फक्त तीन वाळलेले पिवळे डाग होते.

"कानामात्रा," चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "गळती कुठे आहे?"

प्रश्न साधा होता. दुरुस्त केली म्हणावं, तर सेक्रेटरीच्या घरच्या माणसाने ठराव आणि पाहणी होण्याआधीच सोसायटीच्या टाकीला हात लावला; वकील मागे उभेच होते. नव्हतीच म्हणावं, तर हा माणूस दोन वर्षं खोटे अर्ज करत होता. कानामात्रांनी बायकोकडे बघितलं. ती बसून बटणं लावत होती. तिने सुई थांबवली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

"नाही," कानामात्रा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"गळती नाही."

"कधीच नव्हती?"

"नसावी."

चेअरमन खूश झाले. "मग तसं रजिस्टरमध्ये लिहा," ते म्हणाले. "इंग्रजीत. लीकेजेस निल." आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक महिन्यापूर्वी ती पडली नसती. "थांबा. निल असेल तर अनेकवचन लावायचं की एकवचन? नाही, पुन्हा हरकत नको यायला."

वकिलांनी मान पुढे काढली. मुद्दा गंभीर होता.

कानामात्रांनी टोपण काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. "मी आपल्या भाषेत लिहितो," ते म्हणाले, आणि लिहिलं : 'छताची पाहणी केली. गळती नाही, पूर्वीही नव्हती.' खाली सही केली, शिक्का मारला.

मंडळी गेल्यावर बायकोने रजिस्टर ओढून घेतलं. दोनदा वाचलं. मग तिने उशाखालून त्यांची लाल पेन्सिल काढून दिली. कानामात्रांनी सवयीने ती त्या ओळीवरून फिरवली. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, सगळं तपासलं. एकही चूक नव्हती. फक्त ते खोटं होतं, आणि एकतीस वर्षांत इतकं खोटं त्यांनी पहिल्यांदाच पास केलं.